आंटीची खोली
दारूबंदीतील मुंबई, परगावाहून आलेली माणसे आणि चांद्याची आठवण

चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती त्या काळातील एका उपवासकाळात आम्ही बल्लारशहा स्थानकावर उतरलो होतो. कोळशाच्या खाणी, कागद गिरणी आणि नागपूरहून दक्षिणेकडे धावणारा लोहमार्ग यांच्यामुळे या गावी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन राहिली आहेत. १९६२ साली चांद्याच्या मिशनकार्यासाठी स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण झाले, १९७७ साली त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला, तेव्हापासून त्याचे केंद्रही येथेच आहे. फलाटावर एका पन्नाशीच्या बाईची पिशवी पोलिसांनी उघडविली. वर मेथीच्या जुड्या होत्या, खाली फडक्यात गुंडाळलेले पव्वे. त्यातला एक खाली पडून फुटला आणि तो उग्र वास फलाटभर पसरला. बाई रडली नाही, ओरडली नाही. पदर सारखा करून ती पोलिसांच्या मागून चालू लागली, जणू वाट तिच्या पायाखालची होती.

आमच्याबरोबर चहा घेत असलेले एक वृद्ध गृहस्थ, मूळचे केरळचे आणि सारे आयुष्य गिरणीत काढलेले, एवढेच म्हणाले, "रोज हीच सापडते. माल हिचा नाही. ज्याचा आहे, त्याला या स्टेशनावर कोणी पाहिलेले नाही."

त्या रात्री आम्हाला आमच्या आजीची आठवण झाली. वसईहून पहाटेच्या गाडीने भाजीचा हारा घेऊन मुंबईस जाणाऱ्या बायकांपैकी ती एक. हारा रिकामा झाला की परतीच्या गाडीपर्यंत टेकायला तिला एक ओटा होता. धोबीतलावाच्या मागच्या गल्लीत एका गोवेकर विधवेच्या खोलीबाहेरचा. त्या बाईला सारी गल्ली 'आंटी' म्हणे. आजी तिच्याकडचा चहा प्यायची, तिच्याबरोबर जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि घरी आल्यावर या ओट्याविषयी कोणाजवळ अवाक्षर काढायची नाही. कारण त्या खोलीत संध्याकाळनंतर काय चाले, हे वसईपर्यंत सर्वांस ठाऊक होते.

मुंबईच्या गुन्हेगारी जगाचा इतिहास अलीकडे पुष्कळ लिहिला गेला आहे, त्यावर चित्रपटही उदंड निघाले आहेत. त्यांत दादा असतात, बंदुका असतात, दुबई असते. आंटी मात्र कोठे असलीच तर हसण्यापुरती असते. आमच्या मते या इतिहासाची सुरुवात तिच्या खोलीतून करावयास हवी, आणि आपल्या समाजास ती सुरुवात अवघड वाटते म्हणून तर ती अधिकच करावयास हवी.

मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी झाला. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि डॉ. गिल्डर यांच्याकडे ते खाते होते. महायुद्ध सुरू होऊन काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो प्रयोग अल्पायुषी ठरला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्य कोरडे करण्यात आले. या धोरणामागे मोरारजी देसाई यांचा निग्रह होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील औषधी द्रव्यांविषयीची काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा मुख्य गाभा कायम ठेवला. मिस्सेच्या द्राक्षारसास सवलत होती. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचा वैद्याचा दाखला ज्यास मिळविता येई, त्यास परवाना होता. असा दाखला मलबार हिलवर मिळणे सोपे होते. गिरणगावात तो कोण देणार आणि कोण घेणार?

चांदा त्या वेळी मुंबई राज्यात नव्हता. विदर्भ मध्य प्रदेशात होता, तो १९५६ साली मुंबईस जोडला गेला. हे येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे आम्हाला पुन्हा वैनगंगेच्या काठी यावयाचे आहे.

कायदा आला तेव्हा मुंबई ही परगावाहून आलेल्यांचीच नगरी होती. कोकणातून गिरणी कामगार, मद्रास इलाख्यातून हमाल व चामड्याच्या कामातील मजूर, फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित, आणि गोव्यातून आपली माणसे. गोवा तेव्हा पोर्तुगीज अंमलाखाली असल्यामुळे गोवेकर हा कागदोपत्री परदेशीच ठरे. बोटीवरचे तारवटी, साहेबाच्या घरचे आचारी, मुले सांभाळणाऱ्या आया, हॉटेलांतील वादक, शिंपी असे त्यांचे व्यवसाय. धोबीतलाव, डाबूळ, माझगाव, कावेल या भागांत त्यांच्या गावोगावच्या 'कुडी' होत्या. एकेका गावाची एकेक कूड, भिंतीलगत लाकडी पेट्यांची रांग, एका कोपऱ्यात गावच्या आश्रयदात्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची जपमाळ. बोट लागेपर्यंत अल्प भाड्यात राहण्याची ही सोय इतकी सुंदर होती की परप्रांतीयांनी आपापल्या शिस्तीवर उभारलेल्या संस्थांत तिला वरचे स्थान द्यावे लागेल.

परंतु कूड ही पुरुषांची. एकट्या बाईस तेथे जागा नसे. नवरा बोटीवर वारलेला, किंवा बोटीवरून परतलाच नाही, किंवा हॉटेलचे बार बंद पडल्याने ज्याची चाकरी गेली, अशा घरातील बाईने चाळीत एक खोली घ्यावी, मुलांस कॉन्व्हेंटमध्ये घालावे आणि फी कोठून भरावी? १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली. तेव्हा इकडून तिकडे पैसे पाठविणे आणि तिकडून इकडे येणे दोन्ही दुष्कर झाले. परत जाण्याचा रस्ताही मागून बंद होत गेला. गोव्यात असताना जिच्या घरी काजूची फेणी काढणे हे पापड लाटण्याइतकेच साधे घरकाम होते, तिला मुंबईत तेच कसब गुन्हा आहे असे सांगण्यात आले. आणि त्याच कसबास रातोरात गिऱ्हाईक लागले.

आंटीचा अड्डा असा जन्मास आला. अड्डा हा शब्द तरी मोठाच. दहा बाय बाराची खोली, पडद्यामागे खाट, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यासमोर तेवणारा तांबडा दिवा. एक बाक, चार पेले, उकडलेली अंडी, मीठ लावलेले चणे. मुले त्याच खोलीत बाकाला पाठ करून अभ्यास करीत. गिऱ्हाईक बहुधा ओळखीचे असे. मोठ्याने बोलावयाचे नाही, शिवी द्यावयाची नाही, दोन पेल्यांवर तिसरा मागावयाचा नाही, असे नियम कित्येक आंटींनी घालून दिले होते. आजी सांगे, तिच्या आंटीकडे प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी पेला मिळत नसे. पोलीस पकडतील याची तिला भीती वाटे, पण धर्मगुरूंच्या कानी जाईल याची त्याहून अधिक.

सर्वच आंटी गोवेकर होत्या असे मुळीच नाही आणि सर्वच ख्रिस्ती होत्या असेही नाही. आपल्या ईस्ट इंडियन वस्त्यांतही असे ओटे होते. वसईच्या बागायती पट्ट्यात ताडी काढणाऱ्यांची जी कुचंबणा झाली आणि केळीच्या बागांच्या आडोशाने ज्या भट्ट्या लागल्या, त्याविषयी येथील वडीलधाऱ्यांना विचारावे. ते हसून विषय बदलतील.

आता हा माल येई कोठून, हे पाहिल्याविना पुढचे कळणार नाही. खोलीत भट्टी लावणे धोक्याचे. धूर दिसे, वास जाई. म्हणून गाळण्याचे काम शहराच्या कडेला गेले. धारावीची दलदल, शीव कोळीवाड्याच्या पलीकडची खारफुटी, खाड्यांचे काठ. गूळ, सडकी फळे आणि नवसागर डब्यांत भरून चिखलात पुरावयाचे, आंबले की रात्री गाळावयाचे. ती हातभट्टीची दारू मोटारीच्या टायरमधील रबरी ट्यूबांत भरून लोकलने, टॅक्सीने, बायकांच्या लुगड्याआड बांधून शहरात येई. हे काम तामिळी मजुरांच्या झोपडपट्ट्यांत वाढले, कारण त्या झोपड्या दलदलीच्या काठावरच उभ्या होत्या. चांगल्या जमिनीवर त्यांना कोणी उभे केले नव्हते. ज्याला शहराने कडेला ढकलले, त्याच्या हाती शहराची सर्वांत फायद्याची चोरवाट आली.

भट्टी आणि खोली या दोन टोकांच्या मध्ये जो उभा राहिला, तो 'दादा'. वरदराजन मुदलियार हा त्यातील सर्वांत प्रसिद्ध. १९४० च्या दशकात मद्रास इलाख्यातून तो मुंबईत आला आणि बोरीबंदर स्थानकावर त्याने हमाली केली. स्थानकाजवळच्या बिस्मिल्ला शाह बाबांच्या दर्ग्यापाशी तो गोरगरिबांना जेवू घाली. हातभट्टीच्या धंद्यात त्याने हातपाय पसरले, आणि माटुंगा, धारावी, शीव, अँटॉप हिल या पट्ट्यात त्याचा शब्द कायद्याहून वरचढ झाला. रेशनकार्ड, नळ, वीज, भांडणाचा निवाडा, सारे त्याच्याकडे. माटुंगा स्थानकाबाहेरचा त्याचा गणेशोत्सव पाहण्यास शहर लोटे. १९८० च्या दशकात पोलीस अधिकारी वाय. सी. पवार यांनी त्याच्या अड्ड्यांवर सतत छापे घातले, तेव्हा तो मद्रासला निघून गेला आणि जानेवारी १९८८ मध्ये तेथेच वारला. त्याच्या जीवनावरून सुचलेला 'नायकन' हा तामिळ चित्रपट त्याच्या हयातीतच, १९८७ मध्ये, आला होता.

त्याच्याच पिढीचा हाजी मस्तान हाही तामिळ मुलखातून बालपणी आलेला, क्रॉफर्ड मार्केटजवळ वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसलेला, पुढे गोदीत हमाल झालेला. त्याने दारू नव्हे, सोने व घड्याळे आणली, पण तर्क तोच. सरकारने दार लावले की त्या दाराची फट त्याच्या मालकीची. अफगाणिस्तानच्या सरहद्दीकडून आलेला करीम लाला आणि त्याचे पठाण व्याजाने पैसे देत. आंटीची मुलगी आजारी पडली, किंवा आंटीस जामीन हवा झाला, तर रात्री दहा वाजता पैसे देणारे दार पठाणाचेच असे. बँकेस ती दिसत नव्हती.

हे सारे परगावाहून आलेले, हे खरे. परंतु 'बाहेरच्यांनी मुंबई बिघडविली' असे जे सोयीचे वाक्य आहे, ते आम्हास मान्य नाही. हमाल म्हणून आलेले लाखो होते, त्यातील दोघे-चौघे दादा झाले. बाकीचे मरेपर्यंत हमालच राहिले आणि त्यांच्या पाठीवरच गोदी चालली. शिवाय १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली थंडावल्या, आणि त्यानंतर टोळ्यांत जी पोरे शिरली त्यांत लालबाग-परळमधील, म्हणजे अस्सल मराठी घरांतील, पोरेही होती. तेव्हा भाषेवरून वा प्रांतावरून बोट दाखविण्यात अर्थ नाही.

आंटीचे काय झाले? ती या शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर होती आणि तेथेच राहिली. हवालदाराचा हप्ता तिने द्यावा, दादाचा हप्ता तिने द्यावा, माल दादाने ठरविलेल्या भावानेच घ्यावा. छापा पडला की तीच सापडे, कारण तिचा पत्ता कायम होता आणि इतर कोणाचाच नव्हता. १९६० च्या दशकात राज्याने परवान्यांची अट सैल केली, १९७० च्या दशकाच्या प्रारंभी देशी दारूची परवान्याची दुकाने उघडली. दादांनी तोवर कमावलेला पैसा जमिनींत, चित्रपटांत, राजकारणात वळविला. आंटीच्या हाती चार पेले तेवढे उरले. तिची मुले शिकली, परिचारिका झाली, बँकेत लागली, आखातात किंवा कॅनडात गेली, आणि आई काय करीत असे हे त्यांनी सांगितले नाही. त्यांना दोष कसा द्यावा?

आमच्या समाजाने या मौनाची किंमत मोजली आहे. हिंदी चित्रपटात दारूचा गुत्ता चालविणारा, टोळीत चावी फिरविणारा, तोडके-मोडके हिंदी बोलणारा इसम दिसला की त्याचे नाव रॉबर्ट किंवा मायकल असावयाचे, याची आपणा सर्वांस सवय झाली आहे. १९७७ चा 'अमर अकबर अँथनी' तर घरोघरी पाहिला गेला. त्यातील अँथनी गोन्साल्विस हा दारूचा अड्डा चालवितो आणि देवाला धंद्यातील भागीदार मानतो. पडद्यावर तो मोठा लोभस आहे, आम्हीही त्याला हसलो आहोत. पण हे नाव ज्यांचे होते, ते खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातील माजोर्ड्याचे. १९४३ च्या सुमारास तरुणपणी मुंबईत आलेले आणि व्हायोलिनवर असामान्य प्रभुत्व असलेले संगीतकार. भारतीय रागसंगीत पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसविण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. संगीतकार प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. गुरूस मानवंदना म्हणून हे नाव त्या गाण्यात आले. खरे गोन्साल्विस २०१२ साली गोव्यात वारले, तेव्हा वृत्तपत्रांना ते कोण होते हे चित्रपटाच्या आधारानेच सांगावे लागले. दारूबंदीने हॉटेलांतील वाद्यवृंद मोडले तेव्हा गोवेकर वादकांनी चित्रपटाच्या स्टुडिओत आश्रय घेतला आणि तेथे देशाचे संगीत घडविले. तीच दारूबंदी, तीच माणसे. त्यांच्या व्हायोलिनचे नाव कोणास माहीत नाही आणि गुत्त्याचे मात्र सर्वांस आहे.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही दारूबंदीची थट्टा करीत आहोत. म्हणूनच पुन्हा चांद्याकडे वळतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. वैनगंगेच्या पलीकडचे अरण्य वेगळे काढून त्या वर्षी गडचिरोली जिल्हा झाला. येथे मोहाचे फूल हा गोंड-माडियांचा मेवा, त्यांचे अन्न, त्यांचे देवकार्य. मुंबईच्या कायद्याने त्या फुलावरही नियंत्रण आणले होते, हे शहरातील वाचकांस नवलाचे वाटेल. परंतु १९८० च्या दशकात येथे जे उभे राहिले ते मोहाविरुद्ध नव्हते. ते ठेकेदाराच्या दुकानाविरुद्ध होते. मजुरी संध्याकाळी दुकानात जाई आणि घरी मार येई. डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते होते, पण मागणी गावोगावच्या बायकांची होती. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी आली, ती आजही आहे. मुंबईची बंदी सचिवालयातून खाली आली होती, गडचिरोलीची गावातून वर गेली, हा भेद आम्हास मोलाचा वाटतो.

चंद्रपूरच्या बायकांनीही तेच मागितले. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली त्या चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी जिल्हा कोरडा झाला. कित्येक घरांत त्या वर्षी संध्याकाळ शांत झाली, असे तेथील धर्मभगिनी आम्हास सांगत होत्या, आणि त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखविण्याचे आम्हास कारण नाही.

परंतु चंद्रपूर हे अरण्य नव्हे. कोळसा, वीज आणि सिमेंट यांच्यासाठी आंध्र, छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांचे ते शहर आहे. त्याच्या एका बाजूस यवतमाळचे वणी, एकीकडे नागपूर आणि दक्षिणेस तेलंगणा, तिन्हीकडे दुकाने उघडी. तेव्हा येथेही ट्यूब आल्या, फक्त त्यांचे आता पव्वे झाले होते. रबराऐवजी मोटारीचे दरवाजे पोकळ करण्यात आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडविणाऱ्या एका पोलीस उपनिरीक्षकास त्याच गाडीखाली चिरडून मारण्यात आले. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठविली. त्याआधी नेमलेल्या झा समितीने इतर कारणांबरोबर हेही नोंदविले की अवैध धंद्यात स्त्रिया आणि मुले ओढली जात आहेत.

स्त्रिया आणि मुले. आम्ही हे वाचले तेव्हा बल्लारशहाचा तो फलाट डोळ्यांसमोर आला. ज्या बाईने बंदी मागण्यासाठी चिमूरहून नागपूर गाठले, ती आणि जी मेथीखाली पव्वे घेऊन उतरली, ती, या दोघी एकाच वस्तीतल्या असू शकतात. दोघींचाही नवरा पिणारा असू शकतो. एकीला बंदीने वाचविले असेल, दुसरीला बंदीने पकडले. या दोघींपैकी कोणाची बाजू घ्यावी हे आम्हास ठरविता आलेले नाही, आणि जे चटकन ठरवितात त्यांनी एकदा त्या गाडीने प्रवास करावा. बंदी नसलेल्या मुंबईतही, जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, हेही त्यांनी विसरू नये. मेलेले बहुतेक झोपडपट्टीतील मजूर होते.

मुंबईच्या जुन्या धर्मग्रामांतील स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आम्ही काही वर्षांपूर्वी चाळल्या होत्या. वडिलांचा व्यवसाय तेथे लिहिलेला आढळतो. आचारी, खलाशी, वादक, शिंपी. आईच्या नावापुढे काही नसते. ज्या खोलीतून त्या मुलांची फी गेली, ज्या पैशांतील काही नाणी रविवारी दानपेटीत पडली असतील आणि ती कोठून आली हे विचारावयाचे नाही असे सर्वांनी ठरविले असेल, त्या खोलीची नोंद चर्चच्या कोणत्याही वहीत नाही. पोलिसांच्या वहीत ती असेल, पण तेथे ती 'आरोपी' म्हणून. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी एखादी आजी, मावशी, शेजारीण होऊन गेली असेल, तर तिच्याविषयी लिहून पाठवावे. नाव छापू नये अशी इच्छा असल्यास छापणार नाही.

आमच्या आजीने त्या आंटीचे नाव कधीच सांगितले नाही. दर वर्षी २ नोव्हेंबरला दफनभूमीत आमच्या घरच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की एक उरलेली मेणबत्ती ती मधल्या मोठ्या क्रुसापाशी लावी. कोणासाठी म्हणून विचारले, तर म्हणे, "मुंबईची एक होती. तिचं इथं कोणी नाही."